दिलीपदादांची वर्गणी

डॅलसजवळ, अर्विंगच्या आमच्या ऑफिसात दिलीप खैरनार तुमच्या डेस्कजवळ आले आणि बसले नाहीत, तर समजायचं की कुणाच्या तरी घरी आजारपण आलंय. कामाचं काही असेल तर ते शेजारची खुर्ची ओढून ऐसपैस बसत, तुमच्या डब्यातली चकली न विचारता उचलत आणि मग विषयाला हात घालत. वर्गणीला आले की मात्र उभे. हात पाठीमागे बांधलेले, नजर खिडकीबाहेरच्या पार्किंगवर.

"सुट्टी शिल्लक आहे का थोडी?" त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मला तिथे लागून दोन आठवडेही झाले नव्हते. मी म्हटलं, "अजून साठलीच नाहीये, सर. मी नवीन आहे."

"अरे, मग राहू दे. नव्या माणसाकडे मागत नाही मी. आणि सर नको, दादा म्हण. सर म्हटलं की कुणीतरी फी मागतंय असं वाटतं."

ते पुढच्या डेस्ककडे गेले, आणि पलीकडे बसणाऱ्या ग्लोरियाने मला सगळं समजावून सांगितलं. कंपनीत अशी सोय होती की आपली साठलेली भरपगारी सुट्टी आपण दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या नावावर करू शकतो. कुणाला कॅन्सर निघाला, कुणाची आई अंथरुणाला खिळली, की त्याची स्वतःची सुट्टी बघता बघता संपते. मग इतरांनी दिलेल्या तासांवर त्याने घरी राहायचं. कारण टेक्सासमध्ये आमच्यासारख्या खासगी नोकरीत आजारपणाची किंवा बाळंतपणाची भरपगारी रजा द्यायलाच हवी, असा कायदा नाही. केंद्राचा एक कायदा आहे. तो बारा आठवडे तुमची नोकरी राखून ठेवतो, पगार देत नाही, आणि तोही नोकरीत वर्ष पूर्ण झाल्यावर. ही दान केलेली सुट्टी गोळा करायचं काम कुणी कुणाला नेमून दिलं नव्हतं. ते दिलीपदादांनी अंगावर घेतलं होतं, आणि अख्ख्या ऑफिसात, मेक्सिकन, तेलुगू, गोऱ्या सगळ्यांत, त्याला 'वर्गनी' असंच म्हणत.

दादा मूळचे नाशिकचे, पंचवटीतले. कॉलेजात असल्यापासून गल्लीतल्या मंडळाची वर्गणी तेच मागत. मागायचं कसं, याचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते इथे जसंच्या तसं उतरलं होतं. सुरुवात साहेबापासून करायची. साहेबाने दिलं की खालच्यांचे हात आपोआप सुटतात. जिला दिवस गेलेत तिच्याकडे मागायचं नाही, तिलाच लागणार आहेत. कुणी किती दिलं हे तिसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. आणि नाही म्हणणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी आवर्जून क्रिकेटवर बोलायचं, म्हणजे त्याच्या मनात काही राहत नाही.

पण हे काम त्यांना आवडत होतं असं जर कुणी समजत असेल तर ते चूक आहे. "गणपतीची वर्गणी मागताना मला कधी लाज वाटली नाही," एकदा चहा घेताना ते म्हणाले. "देवासाठी मागत होतो, आणि संध्याकाळी लायटिंग दिसायची. इथे माणूस आजारी पडलाय आणि मी दारोदार हिंडतोय."

मी म्हटलं, "पण दादा, किती चांगलं काम करताय तुम्ही."

ते एकदम तडकले. "चांगलं काम नाहीये हे. ठिगळ आहे. ठिगळाला कुणी चांगलं म्हणत नाही, मुग्धा. कपडा फाटलाय म्हणतात."

त्यांच्या चिडण्याला आणखी एक कारण होतं. आमची कंपनी पगाराचं सॉफ्टवेअर बनवते. देशभरातल्या लहानमोठ्या कंपन्या त्यावर पगार काढतात. दादांच्या टीमकडे राज्याराज्यांचे रजेचे कायदे. मी तेच टेस्ट करायचे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, कोलोरॅडो, प्रत्येक राज्याचा कायदा वाचून तो कोडमध्ये बसवायचा: कुणाच्या पगारातून किती कापायचं, कुणाला किती आठवडे द्यायचे. एखाद्या राज्याने नवा कायदा केला की टीममध्ये म्हणायचे, दादांना बाळ झालं. त्या बाळाचं सगळं ते प्रेमाने करत. टेक्सासचं पान उघडलं की मात्र तिथे काहीच नसे. "आचाऱ्याच्या घरी चूल पेटत नाही, तसं आहे आपलं," म्हणायचे आणि पान बंद करायचे.

"न्यू जर्सीत वेगळं काय करतात?" मी एकदा विचारलं.

"वर्गणीच. प्रत्येकाच्या पगारातून दर वेळी चिमूटभर कापतात. कुणाला कळतही नाही. मग ज्याच्यावर वेळ येते त्याला त्यातून देतात. साहेबालाही देतात, झाडू मारणाऱ्यालाही देतात. कुणाला कुणाच्या डेस्कजवळ उभं राहावं लागत नाही. एवढंच वेगळं."

ग्लोरियाच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हाची गोष्ट. दादांनी फिरून फिरून तिला बऱ्याच सुट्ट्या मिळवून दिल्या. ती परत आली त्या दिवशी मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले टोपलीभर गरम तमाले घेऊन थेट दादांच्या डेस्कवर. दादा म्हणाले, "हे सगळ्यांना वाट. मी फक्त मागितलं, दिलं दुसऱ्यांनी."

"आधी तू खा. नाहीतर मला राग येईल."

दादांनी एक सोलून खाल्लं, दुसरं उचललं आणि म्हणाले, "तुझी आई न्यू जर्सीत आजारी पडली असती ना ग्लोरिया, तर तुला हे करावं लागलं नसतं."

ग्लोरिया शांतपणे म्हणाली, "माझी आई कधीच न्यू जर्सीला गेलेली नाही, दिलीप."

यावर दादा खो खो हसले. एवढे मोकळे हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

मग प्रसादचं झालं. प्रसाद नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला, आमच्यात येऊन जेमतेम सहा-सात महिने झालेले. त्याच्या बायकोला, ऋचाला, सातव्या महिन्यातच सिझेरियन करावं लागलं. मुलगी तळहाताएवढी. काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली. ऋचाच्या आईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळत नव्हती. प्रसादचं नोकरीत वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून केंद्राचा कायदाही त्याच्या कामाचा नाही. बिनपगारी घरी बसलो आणि व्हिसाचं काही झालं तर, ही भीती वेगळी. पहिल्या आठवड्यात तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन आमच्या मीटिंगला येत होता. मागे मशीनची टिकटिक ऐकू यायची, आणि तो दर वेळी "सॉरी, म्यूट करतो" म्हणायचा.

त्याच सुमाराला आमच्याच टीममधल्या, न्यू जर्सीत बसणाऱ्या केविनला मुलगा झाला. चांगला गुबगुबीत. त्याला मेल केला की उत्तर यायचं: मी बाळासोबत रजेवर आहे, तीन महिन्यांनी भेटू. दोघांचं काम एकच, मॅनेजर एकच. मधे फक्त राज्यांच्या सीमा.

दादा वर्गणीला निघाले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. प्रसादला पहिले काही आठवडे मिळाले. ते संपत आले आणि आणखी लागणार होते, म्हणून दादा दुसऱ्या फेरीची तयारी करत होते.

तेवढ्यात सगळ्या ऑफिसची मोठी मीटिंग आली. आमचा डायरेक्टर ब्रायन स्टेजवर उभा राहिला आणि मागच्या पडद्यावर दादांचा फोटो झळकला. ब्रायन वाईट माणूस नव्हता. दर वर्गणीला पहिले तास त्याचेच असत. तो भारावून बोलला, की आपण कंपनी नाही, एक कुटुंब आहोत, आणि हा माणूस आपल्या संस्कृतीचा चेहरा आहे. मग त्याने दादांना वर बोलावून काचेचं एक मानचिन्ह हातात दिलं आणि म्हणाला, "दोन शब्द बोल, दिलीप."

दादांनी मानचिन्ह टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही.

"थँक यू. एक गोष्ट सांगतो. केविनलाही बाळ झालंय. त्याच्यासाठी मी कुणाकडे काही मागितलं नाही, कारण तिथे कायदा आहे. तो कायदा सॉफ्टवेअरमध्ये मीच बसवलाय. प्रसाद इथे बसतो, म्हणून त्याच्यासाठी मी भीक मागत फिरतोय. ही आपली संस्कृती असेल तर मला तिची लाज वाटते. टेक्सासचा कायदा रजा द्या म्हणत नाही, पण देऊ नका असंही म्हणत नाही. कंपनीला उद्यापासून देता येईल. मला हे बक्षीस नको, मला या कामातून मोकळं करा."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि दुसरं कुणी वाजवत नाही म्हटल्यावर थांबलं. ब्रायनने हसून पुढचा विषय घेतला.

दोन दिवसांनी सगळ्यांना मेल आला. सुट्टी दान करायची योजना कायदेशीर बाबी तपासण्यासाठी तूर्त थांबवण्यात येत आहे.

प्रसादने दादांना जिन्यात गाठलं. मी त्यांच्यासोबतच खाली उतरत होते. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दादा, तुम्ही जे बोललात ते शंभर टक्के बरोबर आहे. पण थोडं थांबून बोलला असता तर चाललं नसतं का? तुमचं भाषण झालं, माझ्या सुट्ट्या गेल्या. माझी पोरगी अजून पेटीत आहे."

दादांनी कठडा धरला. प्रसाद वर निघून गेला.

त्या दुपारी दादा ब्रायनच्या केबिनमध्ये गेले. चारचौघांत माफी मागतो, म्हणाले, पण योजना निदान या पोरापुरती चालू करा. ब्रायन म्हणाला, "माफीची गरज नाही, दिलीप. मला तुझं पटलंसुद्धा. पण आता ते लीगलकडे आहे." पुढचे कित्येक आठवडे ते लीगलकडेच होतं. ऑफिसातले लोकही बदलले. जे आधी पाठ थोपटायचे ते डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागले. काय गरज होती, असं दादांना ऐकू जाईल इतपत हळू बोलायचे.

आठवडा तसाच गेला. मग एका सोमवारी दादा ऑफिसला आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "सुट्टीवर आहे. प्रसादला सुट्टी देता येत नाही ना? मला माझी घेता तर येते."

ते ऋचाला रोज हॉस्पिटलमध्ये नेत होते. सिझेरियननंतर तिला अजून ड्राइव्ह करायची परवानगी नव्हती, आणि आमच्याकडे गाडीशिवाय माणूस घरातच अडकतो. सकाळी ते तिच्या दारात गाडी लावत, हॉस्पिटलमध्ये सोडत, दिवसभर खालच्या कॅन्टीनमध्ये बसत आणि संध्याकाळी, प्रसाद ऑफिसातून तिथे पोचला की मगच घरी जात. आत फक्त आईबापांना सोडायचे, म्हणून त्यांनी त्या बाळाला पाहिलंसुद्धा नव्हतं.

हे मला ऋचाने नंतर सांगितलं. म्हणाली, "बाळ कसं आहे, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. सगळे तेच विचारायचे आणि मला रडू यायचं. ते विचारायचे, जेवलीस का. बस."

एक दिवस गाडीत तिला रडू आवरेना. बाळाला पहिल्यांदा तिच्या छातीवर ठेवलं होतं, आणि प्रसादने ते ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोनवर पाहिलं होतं. दादांनी गाडी एका पेट्रोल पंपावर घेतली, उतरले आणि आत दुकानात गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मग दोन कॉफ्या घेऊन आले आणि खिडकीतून म्हणाले, "रडून झालं असेल तर निघू. नसेल तर थांबू, मला घाई नाही."

ती सुट्टी दादांनी नाशिकला जायला साठवली होती. त्यांच्या बायकोने, सुषमावहिनींनी, तिकिटं कॅन्सल केली. रोजचा डबाही त्यांनीच दिला, ऋचासाठी वेगळा, कमी तिखटाचा. पण एकदा माझ्याजवळ बोलल्या. "त्यांचा राग मला कळतो गं. माझाही तोच आहे. पण त्या रागाचा रस्ता दर वेळी आमच्याच घरावरून जातो."

बाळ घरी आलं. नाव सई. त्या दिवशीही प्रसाद अर्धी मीटिंग पार्किंगमधून करून मग हॉस्पिटलमध्ये गेला. योजना शेवटी परत सुरू झाली. आता सगळं ऑनलाइन. आपण किती तास देतोय ते भरायचं; ते कुणाला मिळतात हे आपल्याला कळत नाही, आणि मागणाऱ्यालाही कुणाचं तोंड बघावं लागत नाही. दादांच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, तसं ते म्हणालेही. पण पूर्वी जमायचे त्याच्या निम्मेसुद्धा तास जमत नव्हते, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा आंबट झाला.

सई चालायला लागली तोवर प्रसादने न्यू जर्सीच्या ऑफिसात बदली करून घेतली. कारण विचारलं तर हसून म्हणाला, "दुसऱ्या बाळाचा विचार करायचा म्हटलं तर तिथेच जायला हवं ना." हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. निघायच्या दिवशी तो दादांच्या डेस्कजवळ आला. जिन्यातल्या बोलण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. दादा एवढंच म्हणाले, "तिकडे पगारातून कापतील. कटकट करू नकोस." प्रसादने वाकून नमस्कार केला. दादांना ते अजिबात आवडत नसे, पण त्यांनी त्याला अडवलं नाही.

त्यानंतरच्या वसंतात आम्हीही अर्विंग सोडलं. नवऱ्याला दुसऱ्या राज्यात, कॅरीला, औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. निघायच्या आधी दादांचा फोन आला. "ऑस्टिनला येतेस का? विधानभवनात भरपगारी रजेच्या बिलावर सुनावणी आहे. कुणीही जाऊन बोलू शकतं. मला हायवेवर झोप येते, तू ड्राइव्ह कर."

पहाटे निघालो. दादांनी टाय लावला होता, तो मी याआधी कधी पाहिला नव्हता. वाटेत त्यांनी आपलं बोलणं मला दहादा म्हणून दाखवलं. प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळतात, असं त्यांनी वाचलं होतं. त्यात आधी ग्लोरियाची आई होती, प्रसाद होता, केविन होता. वेळेत बसेना म्हणून वेको गाव येईपर्यंत केविन गेला, आणि ऑस्टिन दिसायला लागलं तेव्हा ग्लोरियाची आईसुद्धा.

विधानभवनाच्या त्या खोलीबाहेर आम्ही किती तरी वेळ बसलो. आधी दुसरी बिलं होती, पाण्याचं, ट्रेलरचं, आणखी कसलं कसलं. दादांचं नाव पुकारलं तेव्हा समितीच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ते माइकसमोर बसले आणि बोलू लागले. नाशिकचा इंग्रजी उच्चार, स्पष्ट, सावकाश. प्रसादची मुलगी पेटीत आहे आणि बाप जिन्यात फोन धरून उभा आहे, एवढ्यापर्यंत आले आणि वेळ संपल्याचा लाल दिवा लागला.

"थँक यू, सर. इतक्या लांबून आलात," अध्यक्षबाई आपुलकीने म्हणाल्या. "कुणाला काही विचारायचंय?" कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

दादा उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर आले. तिथे टेबलाशी बसलेल्या तरुण मुलीला त्यांनी विचारलं, "या बिलाचं आता काय होईल?"

"ते पेंडिंग ठेवलंय, सर."

"कुणाकडे?"

तिला प्रश्न कळला नाही. "समितीकडे, सर."

"मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो," दादा म्हणाले. "आमच्याकडे काही पेंडिंग असलं तर त्यावर एका माणसाचं नाव असतं. त्याला फोन करता येतो. यावर कुणाचं नाव आहे?"

ती संकोचून हसली. "सर, अधिवेशन मे अखेर संपेल. तोवर पुढे गेलं नाही, तर मग दोन वर्षांनी पुन्हा मांडावं लागेल."

"दोन वर्षांनी," दादांनी तिच्या पाठोपाठ म्हटलं, तिचे आभार मानले आणि जिना उतरले.

बाहेर हिरवळीवर मोठमोठ्या ओकच्या झाडांखाली शाळेची एक सहल जेवायला बसली होती. आम्ही थोडं दूर जाऊन बसलो. सुषमावहिनींनी पोळीचे रोल दिले होते. दादांनी एक खाल्ला, अर्ध्यातच कागदात गुंडाळून ठेवला. मला वाटलं, आता चिडतील, बोलतील. परतीच्या रस्त्याला पुरेल एवढं त्यांच्या पोटात असणारच. पण त्यांनी टायची गाठ सैल केली, कोट घडी करून डोक्याखाली घेतला आणि गवतावर आडवे झाले. पाच मिनिटांत झोप लागली. तोंड थोडं उघडं, बुटांच्या टाचा गवतात रुतलेल्या. पोरं पळत पळत अगदी पायांजवळून गेली तरी हलले नाहीत.

शर्टाच्या खिशात फोन थरथरायला लागला. थांबला, पुन्हा सुरू झाला. ऑफिसचा असणार. मी तो अलगद काढला, बंद केला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. डॅलसचा रस्ता गच्च व्हायच्या आत निघायला हवं होतं, पण मी त्यांना उठवलं नाही.